चार एक्स बरोबर छत्तीस

चार एक्स बरोबर छत्तीस, तर एक्स किती? सातवीतल्या कुठल्याही लेकराला विचारा, नऊ म्हणून सांगेल. माझ्या भाचीनं वार्षिक परीक्षेत बत्तीस लिहिलं. त्या बत्तीसला आता वर्ष होत आलं, तरी आठवलं की माझ्या हातातली कात्री वाकडी जाते. मला राग लवकर येतो हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण माझा राग एरवी चहा उकळेपर्यंत टिकतो. हा टिकला.

मी ब्लाउज शिवते. मुकुंदवाडी स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमचं घर. पुढच्या खोलीत मशीन, कापायचं टेबल आणि भिंतीला खिळे. वीस-बावीस वर्षं हेच चाललंय. नवरा कंपनीत, मुलगा नोकरीला पुण्यात. मुलगा गेला तशी आतली खोली रिकामी झाली, आणि धाकट्या बहिणीची मुलगी सहावी संपवून आमच्याकडे राहायला आली.

बहिणीचं गाव गंगापूरच्या पुढं. गावात शाळा आहे, चांगली आहे, पण तिथं सेमी नाही. सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. पोरीनं आठवीपासून सेमीत जावं, म्हणजे पुढं कॉलेजात अडणार नाही, असं बहिणीच्या मनात होतं. दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, पोरगी घराबाहेर ठेवणंच पटत नव्हतं. बरेच दिवस नाही-होय झाल्यावर त्यांनी अट घातली.

"सातवी करू द्या तुमच्याकडं. आठवीला शेमीत घेतलं तर ऱ्हाऊ द्या, शिकू द्या. नाय घेतलं तर गावातली शाळा काय वाईट हाय? म्या येऊन घेऊन जातो."

"घ्या माझा शब्द," मी म्हणाले. "सेमीत जाईल ती."

मला कुणी शब्द मागितला नव्हता. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

भाची तेव्हा बारा वर्षांची. काटकुळी, दोन वेण्या, आणि एका वेणीत कायम पेन्सिल खोचलेली. बोलायची कमी, पण जे बोलायची त्यात 'काहून' हटकून असायचं. मावशी, अस्तर आधी भिजवून वाळवायचं काहून? तिरपं कापलेलं कापड ताणतं, सरळ कापलेलं ताणत नाय, काहून? पहिल्या महिन्यात माझं डोकं उठलं. दुसऱ्या महिन्यात मी उत्तरं द्यायला लागले, कारण उत्तर दिल्याशिवाय ती टेबलाजवळून हलत नसे. उत्तर मिळालं तरी ती लगेच मान हलवायची नाही. कापडाचा तुकडा घेऊन स्वतः ओढून बघायची, मग "व्हय" म्हणायची. मला तिचं ते ओढून बघणं फार आवडायचं. हे मी तिला कधी सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

आमच्या भागात नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं भांडं न् भांडं भरायचं असतं. श्रावणातल्या अशा एका पाण्याच्या दिवशी मी ड्रममध्ये पाइप सोडला आणि एका गिऱ्हाइकाच्या गळ्याच्या नक्षीत रमले. पाणी ड्रममधून ओसरीत, ओसरीतून पुढच्या खोलीत आलं. टेबलाखाली खोक्यात माझी कागदी कटिंगं होती. नेहमीच्या बायकांचं माप एकदा घेतलं की मी त्याचा कागद कापून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी तोच कागद कापडावर ठेवून कापता येतं. प्रत्येक कागदावर बाईचं नाव पेन्सिलीनं आणि छातीचं माप शाईच्या पेनानं. पेन्सिल पाण्याला दाद देत नाही. शाई गेली. चाळीसेक कागदांवर नावं राहिली आणि आकडे धुऊन निघाले.

मी कपाळाला हात लावून बसले. एकेका बाईला बोलावून परत माप घ्यायचं म्हणजे अब्रूच जाणार होती. भाचीनं कागद गच्चीवर बाजेवर पसरले, वर पाट्या ठेवल्या, आणि खाली येऊन म्हणाली, "मावशी, आकडे गेले तर गेले. कागद तर हायेत. त्याच्यावरून माप निघंल की."

निघतं. मी ते मनातल्या मनात रोजच करते. कापताना मी छातीचा चौथा भाग घेते आणि शिलाईसाठी त्यात दीड इंच वाढवते. चौतीसची छाती असेल तर साडेआठ, वर दीड, म्हणजे दहा इंचाचा कागद. मी तिला सांगितलं, "आता उलटी ये. कागद मोज. दहा भरला? शेवटी काय केलं होतं, दीड वाढवला होता. तो आधी काढ. त्याच्या आधी काय केलं होतं, चार भाग केले होते. मग आता चारपट कर. शेवटची शिलाई आधी उसवायची असते."

ती दोन दुपारी टेप घेऊन बसली. कागद मोजायची, दीड काढायची, चारपट करायची. आणि एवढ्यावर न थांबता आलेल्या आकड्याचे परत चार भाग करून, दीड मिळवून, कागद तेवढाच भरतो का ते बघायची. मी म्हटलं, "परत कशाला?" तर म्हणाली, "ताळा." चाळीसच्या चाळीस कागदांवर तिनं पेन्सिलीनं आकडे घातले. पुढं वर्षभर त्या कागदांवरून ब्लाउज शिवले. एकही उसवावा लागला नाही.

दिवाळीनंतर शाळेत समीकरणं सुरू झाली. पहिल्याच दिवशी ती दप्तर टाकून आत आली. "मावशी, हे तर तुझ्या कागदांवानीच हाय! एक्स म्हंजी पुसलेला आकडा." मला हसू आलं. इतकी वर्षं मी रोज जे करत आले त्याला शाळेत समीकरण म्हणतात, हे मला तिच्याकडून कळलं. आमच्या वेळी एक्स नव्हता, क्ष होता, आणि क्ष म्हटलं की मी फळ्याकडं बघायचंच टाळायची. त्याचंही सांगते, पण आधी घटक चाचणीचं.

चाचणीत दोन गुणांचा प्रश्न होता. एक्स भागिले चार, अधिक तीन, बरोबर बारा. भाचीनं लिहिलं: बारा वजा तीन, नऊ. नऊ गुणिले चार, छत्तीस. खाली ताळा. छत्तीस भागिले चार नऊ, नऊ अधिक तीन बारा. झालं. सरांनी दोनपैकी अर्धा गुण दिला आणि लाल शाईनं लिहिलं, "पद्धत चुकीची. नियम वापरा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उत्तर बरोबर, ताळा बरोबर, आणि अर्धा गुण! अर्धा तरी कशाला दिला, भीक म्हणून? त्या वेळी मागच्या गल्लीतली एक खाला बाह्यांचं माप द्यायला आली होती. तिला मी पेपर दाखवला. ती चष्मा वर करून म्हणाली, "जवाब सही है तो नंबर कायकू काटे? जाके पूछो ना उनकू." एवढा सरळ प्रश्न. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन तो विचारायचा, बस. मी गेले नाही. गल्लीत नळावरून दहा बायकांशी भांडणारी मी, शाळेच्या फाटकाशी माझे पाय जड होतात. वयाच्या पन्नाशीतही होतात. याची मला चीड आहे.

आमचे गणिताचे मास्तर हातात लाकडी फूटपट्टी घेऊन फिरायचे. सबंध वर्ग एका सुरात म्हणायचा: बाजू बदलली की चिन्ह बदलतं. अधिकचं वजा, वजाचं अधिक. चिन्ह नसेल तर अधिक समजायचं. आरतीसारखं रोज म्हणायचो. एकदा मी विचारलं, "गुरुजी, पलीकडं गेल्यावर चिन्ह का बदलतं?" त्यांनी पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारली. "नियम आहे म्हणून." त्यानंतर मी गणितात काहीही विचारलं नाही आणि दहावीला गणितात नापास झाले. मग शिवणाच्या क्लासला गेले. शिवणकामाबद्दल माझी तक्रार नाही, त्यानं मला उभं केलं. तक्रार पट्टीबद्दल आहे. पण ती आरती मात्र डोक्यात जशीच्या तशी राहिली.

आणि मी, त्या पट्टीचा मार खाल्लेली बाई, काय केलं? सरांना जाब विचारण्याऐवजी वार्षिक परीक्षेच्या आधी पंधरा दिवस भाचीला टेबलाशी बसवलं आणि ती आरती शिकवली. सरांना नियम पाहिजे ना, घ्या नियम. चार एक्स अधिक सहा बरोबर बेचाळीस, हे उदाहरण मी स्वतः तयार केलं.

"सहापुढं चिन्ह कुठलं? अधिक. पलीकडं गेले की?"

"वजा. बेचाळीस वजा सहा, छत्तीस."

"शाब्बास. आता चार एक्स बरोबर छत्तीस. चारपुढं चिन्ह आहे का?"

"नाय."

"चिन्ह नसेल तर अधिक समजायचं. मग पलीकडं गेला की?"

"वजा," ती म्हणाली, पण आवाज खाली आला होता.

"छत्तीस वजा चार?"

"बत्तीस."

"झालं."

तिनं वेणीतली पेन्सिल काढली आणि बाजूला काहीतरी लिहिलं. "मावशी, चार बत्तीस एकशे अठ्ठावीस. त्याच्यात सहा, एकशे चौतीस. बेचाळीस कुठं आले?"

"ताळा परीक्षेत कुणी मागत नाही."

"पण चारनं गुणलेलं हाय ना? मंग वजा काहून करायचं?"

खरं सांगते, ते एकशे चौतीस मला टोचलं होतं. शिवणातलं एक माप असं चुकलं असतं तर मी कात्री खाली ठेवली असती. पण दारात गिऱ्हाईक उभं होतं, उन्हानं जीव कावला होता, आणि बारा वर्षांच्या पोरीनं माझी चूक काढावी हे मला सोसलं नाही. मी म्हणाले, "सारखं काहून काहून लावलंय! नियम म्हणजे नियम. स्वतःच्या डोक्यानं केलंस तेव्हा काय मिळालं? अर्धा गुण. डोकं बाजूला ठेव आणि सांगते तसं लिही."

तिनं पेन्सिल परत वेणीत खोचली. मग म्हणाली, "बरं."

तिचं गणिताचं पुस्तक त्याच टेबलावर, माझ्या कात्रीखाली होतं. त्यात स्वच्छ लिहिलंय की दोन्ही बाजूंना चारनं भागायचं. चित्रासकट लिहिलंय. मी ते पान उघडलं नाही. उघडायला किती वेळ लागला असता? काज करायला लागतो त्याहून कमी. पण मला आधीच येत होतं ना!

पंधरा दिवस तिनं मी सांगितलं तशी उदाहरणं सोडवली. काहून हा शब्द टेबलावरून गेला. मला वाटलं, पोरीला वळण लागलं.

मेच्या सुरुवातीला निकाल लागला. ती पास झाली, पण सेमीच्या यादीत तिचं नाव नव्हतं. गणितात चार गुण कमी पडले. मी यादी वरून खाली आणि खालून वर तीनदा वाचली. त्या चार गुणांत मला तो चाचणीतला लाल शेरा दिसायला लागला. आता फाटक असो नाहीतर आणखी काही. मी इस्त्रीची साडी नेसले, काय बोलायचं ते रस्ताभर पाठ केलं आणि भाचीला हाताला धरून शाळेत घेऊन गेले. ती दोनदा म्हणाली, "मावशी, जाऊ दे ना." मी ऐकलं नाही.

सर वयानं माझ्या मुलाएवढे. शर्टाच्या बाहीला खडू लागलेला. ते "बसा ताई" म्हणाले तरी मी उभीच राहिले आणि सुरुवात केली. उत्तर बरोबर असताना गुण का कापले, ताळा केलेला दिसला नाही का, लेकरांनी डोकं घरी ठेवून शाळेत यायचं का, सगळं बोलले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वह्या तपासणं थांबवलं. सरांनी ऐकून घेतलं.

"ताई, दहावीला पायऱ्यांचे गुण असतात. आत्तापासून सवय लागावी म्हणून मी कापले."

"मग पायऱ्या लिही, असं लिहायचं. पद्धत चुकीची असं का लिहिलं? चूक कुठं होती त्यात?"

"चूक नव्हती. तसं लिहायला नको होतं मी."

मला वाटलं, जिंकले. इतक्या वर्षांनी त्या लाकडी पट्टीला उत्तर दिलं. तेवढ्यात सरांनी कपाटातून वार्षिकचा गठ्ठा काढला. "पण चार गुण त्यानं गेले नाहीत. हे बघा. मलाच तुम्हाला विचारायचं होतं."

त्यांनी भाचीचा पेपर उघडला. समीकरणाची तीन उदाहरणं होती. चार एक्स, सात एक्स आणि तीन एक्स. पानाच्या उजव्या कडेला कच्चं काम. तिथं बारीक अक्षरात नऊ, पाच, नऊ. प्रत्येकाखाली ताळा, प्रत्येक ताळा जुळलेला. आणि त्या प्रत्येक उत्तरावर एक आडवी रेघ, पट्टी लावून मारलेली. डावीकडे पक्क्या कामात, सुंदर अक्षरात, सगळ्या पायऱ्यांसकट, बत्तीस, अठ्ठावीस, चोवीस. तीन उदाहरणांचे सहा गुण गेले होते.

"हिला तिन्ही येत होती," सर म्हणाले. "बरोबर आलेली उत्तरं खोडून चुकीची लिहिलीत. आणि हा चार वजा करण्याचा प्रकार कुठला? मी वर्गात भागायलाच शिकवलंय." मग तिच्याकडं वळून, रागावून नाही, अगदी साधं विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं बाळ?"

माझे कान तापले. पाठ केलेल्या भाषणातली चार-पाच वाक्यं अजून शिल्लक होती, त्यातलं एकही आठवेना.

"घाई झाली सर," भाची म्हणाली. माझ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

आणि मी गप्प बसले. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही म्हणून मघाशी मोठ्या तोऱ्यात लिहिलं ना? तिथं बसले. सर म्हणाले की यादी ऑफिसला गेली, आता बदलता येणार नाही, आठवीला मराठी तुकडीत जागा मिळेल. मी "बरं" म्हणाले आणि साडीचा पदर सारखा करत बाहेर आले.

घरी येताना रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. मालगाडी जाईपर्यंत आम्ही उन्हात उभ्या होतो. भाची म्हणाली, "मावशी, आप्पांना तुझं नको सांगू. मी सांगते घाई झाली म्हणून."

"तू कशाला बापाशी खोटं बोलायचं?"

"ते तुला बोलतील ना."

बारा वर्षांची पोर मला पाठीशी घालत होती. चीड यावी अशा गोष्टी मी आयुष्यात पुष्कळ पाहिल्या, पण एवढी चीड मला कधी आली नव्हती, आणि ती काढायला समोर कुणी नव्हतं. सर नव्हते, पट्टीवाले मास्तर तर कधीच वारले. उरले कोण? मी.

रविवारी दाजी आले. जीपनं आले, खांद्यावर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी आणि हातात एक रिकामी मोठी बॅग. बॅग बघितली आणि भाची आत जाऊन आपले कपडे काढायला लागली. कुणी काही बोलायच्या आधीच. दाजी पाणी पिऊन म्हणाले, "म्या तवाच म्हणलो व्हतो. पोरीच्या डोक्यात नाय तर ओढून कशाला..."

"तिच्या डोक्यात आहे दाजी," मी म्हणाले. "माझ्या डोक्यात नव्हतं."

मग मी सगळं सांगितलं. भिजलेले कागद, अर्धा गुण, माझी आरती, एकशे चौतीस, पेपरावरच्या रेघा. शाळेत सरांपुढं गप्प बसले तेही सांगितलं. भाची आतल्या दारात घडी केलेला फ्रॉक हातात घेऊन उभी होती.

दाजींनी शेंगा फोडणं थांबवलं. तिला विचारलं, "येत व्हतं का तुला?"

"व्हय."

"मंग खोडलं काहून?"

ती फ्रॉकची घडी परत घालायला लागली. मी म्हणाले, "मी तसं लिही म्हणून सांगितलं होतं. म्हणून."

त्यांनी पिशवीतल्या उरलेल्या शेंगा परातीत ओतल्या. मग त्यांनी मला विचारलं, "मराठीच्या तुकडीत गणित निराळं आसतंय का?"

"नाही. तेच असतं."

"हितं नऊ आन् तिकडं बत्तीस, आसं काय नाय ना?"

"नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या हितंच. सर बरा दिसतोय." त्यांनी बॅगेची घडी घातली आणि शेंगांच्या रिकाम्या पिशवीत कोंबली. उठताना म्हणाले, "फक्त एक करा ताई. तुम्ही ब्लाउज शिवा. गणित तिचं तिला करू द्या."

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मी भांडत त्याच्या मागं रेल्वेच्या फाटकापर्यंत गेले असते. दाजींना मी चहा करून दिला.

भाची राहिली. आता आठवी संपत आली. मराठी तुकडीत आहे, तेच सर गणिताला आहेत आणि आता ते पायऱ्यांचे गुण वेगळे आणि उत्तराचे वेगळे देतात, असं तीच सांगते. मी तिची माफी मागितली. तशी मागायची सवय नव्हती, म्हणून ड्रम भरताना, पाठमोरी उभी राहून मागितली. ती म्हणाली, "आसू दे मावशी." मी तिचं सातवीचं पुस्तकही वाचलं, ते चित्राचं पान दोनदा वाचलं. पन्नाशीत मला कळलं की पलीकडं काही जात नाही आणि काही बदलत नाही. दोन्ही बाजूंना सारखंच करायचं असतं. एवढंच होतं. एवढं सांगायला त्या मास्तरांना लाकडी पट्टी लागली, आणि मला ते कळायला ही पोर खर्ची घालावी लागली.

सगळं ठीक झालं, असं लोक म्हणतात. बहीण म्हणते, पोरगी शहरात राहिली, शिकतेय, आता विसर. नवरा म्हणतो, चार गुणांसाठी वर्षभर काय धुसफुसतेस. मी त्यांना काय सांगू?

गेल्या आठवड्यात ती टेबलाच्या त्या कडेला गृहपाठ करत होती आणि मी या कडेला बाह्या कापत होते. वहीत एक लांबलचक समीकरण होतं, कंसाबिंसाचं. मी दोन बाह्या कापून होईपर्यंत तिचं उत्तर आलं होतं. नऊ. मला कौतुक वाटलं. खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून मी कात्री ठेवून विचारलं, "हे नऊ कसे आले गं?"

तिनं वहीकडं बघितलं नाही. माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि खोडरबर उचललं. "अगं बरोबर आहे, मी नुसतं विचारलं," असं म्हणत मी टेबलावरून वाकले. मी तिचा हात धरेपर्यंत नऊ पुसून झाले होते.